चुलीतली कॉइल सोलरच्या टाकीला जोडायची आहे, व्हॉल्व्ह कुठला घेऊ?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही ऐरोलीला राहता. आई-वडील मुरबाडच्या पुढे, टोकावड्याकडच्या घरी कायमचे राहायला गेलेत. तळमजल्याचं स्लॅबचं घर, टेरेसवर २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर आणि त्याच्याहून उंच चौथऱ्यावर ५०० लिटरची प्लास्टिकची टाकी. उन्हाचे आठ महिने पाणी कढत मिळतं, पण जून ते सप्टेंबर सोलर नावालाच उरतो. पावसात वीज जाते, त्यामुळे गीझरवर भरवसा नाही. लाकडाची चूल मात्र रोज पेटते. तिच्यात कॉइल, म्हणजे पाण्याच्या पाइपाचं वेटोळं, बसवून ती सोलरच्या टाकीला जोडायची, असं तुमच्या मनात आहे. गावातला फॅब्रिकेटर म्हणतो की कॉइलच्या दोन्ही तोंडांना एकेक व्हॉल्व्ह टाकू, नको तेव्हा बंद करता येईल. तो व्हॉल्व्ह कुठला घ्यावा, एवढंच तुम्ही विचारलंय.

व्हॉल्व्ह घेऊच नका. दोन्ही बाजूंना नको आणि एका बाजूलाही नको. चूल आणि टाकी यांच्यामध्ये बंद होऊ शकेल अशी एकही वस्तू असता कामा नये. बाकी सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

मी ठाण्यात २६ वर्षं नळकाम करतोय. आमच्याकडे नव्या इमारतींना महापालिकेने सोलर वॉटर हीटर सक्तीचा केला, त्यामुळे सोलरची कामं हाताखालून पुष्कळ गेली. चुलीला किंवा बंबाला नळ जोडण्याची कामं तेवढी नाहीत, चौदा-पंधरा असतील, बहुतेक शहापूर-मुरबाडच्या बाजूची. पण प्रत्येक घरी हाच व्हॉल्व्हचा प्रश्न निघाला. फॅब्रिकेटरची त्यात लबाडी नसते. गीझरला व्हॉल्व्ह असतो, सोलरला असतो, मग चुलीला का नको, असं त्याला सरळ वाटतं.

फरक असा आहे. गीझरमध्ये पाणी तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो बिघडला तर दुसरा कटआउट असतो आणि तोही बिघडला तर सेफ्टी व्हॉल्व्ह दाब सोडून देतो. चुलीला यातलं काहीच नाही. तुम्ही लाकूड ओढून काढलंत तरी आत इंगळ असतात, विटा तापलेल्या असतात, पुढचा अर्धा-पाऊण तास पाण्याला उष्णता मिळतच राहते. त्या वेळात पाणी कोंडलेलं असेल तर ते आधी फुगतं, मग त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याच्या वाफेला मोकळ्या हवेत सोळाशे लिटरच्या वर जागा लागते. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये अडकलेली तीन-चार लिटरची कॉइल म्हणजे स्वयंपाकघरात ठेवलेला बॉम्ब आहे, आणि हे मी घाबरवायला म्हणत नाही.

शहापूरजवळच्या एका घरी मला बोलावलं होतं, त्याला नऊ-दहा वर्षं झाली. काम दुसऱ्या कुणी केलेलं. चुलीला लोखंडी जॅकेट, म्हणजे आतून पाणी फिरणारी पत्र्याची पोकळ पेटी, वर टाकी, दोन्ही लाइनला गेट व्हॉल्व्ह. टाकी धुण्यासाठी आदल्या दिवशी दोन्ही व्हॉल्व्ह बंद केलेले, ते उघडायचे राहिले. सकाळी चूल पेटली. आधी पाइपात टकटक, मग घण घातल्यासारखे ठोके, भिंतीच्या क्लिपांमधून प्लास्टरचे पापुद्रे पडायला लागले. घरातल्या वहिनींना काय सुचलं देव जाणे, त्यांनी चिमट्याने पेटती लाकडं ओढून अंगणात फेकली आणि सासूबाईंना हाताला धरून बाहेर नेलं. मी दुपारी पोचलो तेव्हा जॅकेट पाहिलं: ३ एमएमचा पत्रा पुरीसारखा बाहेर आलेला, वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर आणि तिथून विस्तवावर पाण्याचा बारीक फवारा उडून राख भिंतीवर थापल्यासारखी बसलेली. त्या चिरेतून दाब निघाला म्हणून ते घर वाचलं. तो पत्रा मी हाताने चाचपून पाहिलाय, म्हणून या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

आता आपला जुना तांब्याचा बंब आठवा. मधून धुराडं, खाली जाळी, बाजूने पाणी. वरून एक तांब्या गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच गरम पाणी बाहेर येई. त्या तोटीला नळ नव्हता. पाणी उकळलं तर उसळून तोटीतूनच सांडायचं. बनवणाऱ्या तांबटाने दाबाचं गणित मांडलं नसेल, पण बंबातल्या पाण्याला वाट कायम उघडी ठेवलेली होती. आपल्याला नळ जोडून जे करायचंय त्यात तीच उघडी वाट टेरेसपर्यंत न्यायची आहे.

इथे एक विचारतो. दोन माणसांना दोन बादल्या पाणी लागतं, मग नुसता बंब का नको? माझा पहिला सल्ला बहुतेकांना तोच असतो. शनिवार-रविवारी जायचं घर असेल तर नळजोडणीच्या फंदात पडू नका, बंब घ्या. पण तुमची आई ७२ वर्षांची आहे आणि बंबापासून न्हाणीघरापर्यंत ओल्या फरशीवरून कढत बादली उचलून न्यावी लागणार आहे. ती बादली टाळण्यासाठी नळ जोडायचा असेल तर मला ते पटतं.

दुसरी गोष्ट, सोलरच्याच टाकीला जोडायचा हट्ट नको. ट्यूबवाल्या सोलरच्या टाकीला सहसा थंड पाण्याचं तोंड, गरमचं तोंड आणि एअर पाइपचं (हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या उघड्या पाइपचं) तोंड एवढीच तोंडं असतात, फार तर हीटरसाठी एक. चुलीच्या दोन पाइपांना जागा नसते. मग कुणीतरी ड्रिल घेऊन भोक पाडतो. आतली टाकी पातळ स्टीलची, तिच्याभोवती पफ, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा फोम, त्यावर बाहेरचा पत्रा. भोक पाडलं की पफमध्ये पाणी मुरतं, वर्ष-दीड वर्षात बाहेरचा पत्रा गंजतो आणि वॉरंटी पहिल्याच दिवशी संपते. शिवाय ती टाकी वरच्या ५०० लिटरच्या टाकीतून उतरणाऱ्या थोड्याशा दाबासाठीच बनवलेली असते, ट्यूबा नुसत्या रबरी रिंगांवर बसवलेल्या असतात. उकळतं पाणी आणि वाफेचे धक्के तिथे नेऊ नयेत.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. स्वयंपाकघराच्या बरोब्बर वर, टेरेसवर, चुलीसाठी १०० लिटरची वेगळी स्टीलची पफवाली टाकी ठेवायची. सोलरमधून घरात उतरणारी गरम लाइन तोडून आधी या टाकीच्या तळाशी आणायची आणि या टाकीच्या वरच्या तोंडातून घरात उतरवायची. ऊन असलं की सोलरचं गरम पाणी या टाकीतून जाऊन नळाला येतं, चूल पेटवायची गरज नाही. पाऊस असला की सोलरमधून गारच पाणी येतं आणि ते इथे चुलीवर तापतं. काही फिरवायचं नाही, काही लक्षात ठेवायचं नाही. वडिलांना सकाळी कुठला कॉक उघडायचा हे फोनवरून सांगावं लागणार नाही.

१०० लिटर पुरतील का? हिशोब करून पाहा. पावसाळ्यात पाणी २५ अंशांचं धरलं आणि ६० पर्यंत न्यायचं असलं तर १०० लिटरला ३५०० किलोकॅलरी लागतात. एक किलो सुक्या लाकडात साधारण तेवढीच उष्णता असते, पण जॅकेटपर्यंत त्यातला तिसरा हिस्सा पोचला तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे तीन किलो लाकूड. दोन वेळच्या स्वयंपाकाला एवढं सरपण जळतंच. ६० अंशांच्या १०० लिटरमध्ये गार पाणी मिसळून आठ-दहा बादल्या आंघोळीचं पाणी होतं. २०० लिटर तापवायला जाल तर दुप्पट लाकूड लागेल आणि सकाळी नऊपर्यंत सगळंच कोमट राहील.

चुलीपासून टाकीपर्यंत पाणी पंपाशिवाय फिरलं पाहिजे, कारण वीज जाईल तेव्हा चूल पेटलेली असणारच. तापलेलं पाणी हलकं होऊन वर जातं, गार पाणी दुसऱ्या पाइपाने खाली येतं. टाकी वर आणि चूल खाली, ही तुमची मांडणी त्यासाठी उत्तम आहे. फक्त गरम पाइप सतत चढता हवा. आडवा जिथे जाईल तिथेही फुटाला पाव इंच चढ ठेवा. सुरुवातीच्या एका कामात मी हा पाइप दाराच्या चौकटीवरून नेऊन पुन्हा सहा इंच खाली घेतला होता. दिसायला नीट होतं, पण त्या उंचवट्यात हवा अडकली. चुलीत पाणी उकळून गुरगुरायचं आणि टाकी गारच. भिंत फोडून पाइप पुन्हा टाकून दिला. तेव्हापासून मी लेव्हलची नळी लावल्याशिवाय क्लिप ठोकत नाही.

दोन्ही पाइप एक इंचीच घ्या, पाऊण इंचीवर भागवू नका. वळणं शक्य तेवढी कमी, आणि काटकोनी एल्बोऐवजी गोलाईचा बेंड मिळाला तर बेंड. गरम पाइप जॅकेटच्या सर्वांत वरच्या टोकातून निघून टाकीच्या वरच्या भागात जातो, परतीचा पाइप टाकीच्या तळातून निघून जॅकेटच्या तळाशी येतो. जॅकेटमध्ये गरमचं तोंड माथ्यापासून दोन इंच खाली ठेवलेलं मी पाहिलंय. तसं नको, वरच्या दोन इंचांत वाफ साठते आणि पत्रा तिथेच जळतो.

सगळ्यात महत्त्वाचा एअर पाइप. तो या टाकीच्या माथ्यावरून निघतो आणि थेट वर जातो, निदान पाऊण इंची, धातूचा, मध्ये काहीही नाही. किती उंच? ५०० लिटरच्या टाकीतल्या भरलेल्या पाण्याच्या पातळीहून दीड फूट वर. प्लंबर बरेचदा दोन-चार इंच वर काढून सोडतात आणि सोलरला ते चालूनही जातं. चुलीला चालत नाही. उकळायला आलेलं पाणी गार पाण्याहून सुमारे ४ टक्के हलकं असतं. तुमच्या चुलीपासून वरच्या टाकीच्या पातळीपर्यंत अंदाजे १५ फूट धरले, तर गरम बाजूचा स्तंभ नुसत्या हलकेपणामुळेच सात इंच वर चढतो. पाइप चार इंच वर असेल तर रोज पाणी सांडत राहील, मग कुणीतरी वैतागून त्याच्या तोंडाला बूच मारेल. हे मी घडलेलं पाहिलंय. दीड फूट ठेवलात तर ती वेळ येत नाही.

या पाइपाचं तोंड प्लास्टिकच्या टाकीत सोडू नका. बरेच जण पाणी वाया जाऊ नये म्हणून तसं करतात. पण चूल अति तापली तर तिथून उकळतं पाणी पडतं, प्लास्टिक मऊ होतं आणि ५०० लिटर पाणी चौथऱ्यावरून खाली कोसळू शकतं. तोंड वाकवून टेरेसच्या पन्हाळीच्या बाजूला, जिथे कुणी उभं राहत नाही अशा कोपऱ्यात सोडा.

जॅकेटजवळ गरम पाइपावर ३ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब झाला की आपोआप उघडणारा) स्प्रिंगचा सेफ्टी व्हॉल्व्हही लावा, त्याचं तोंड भिंतीबाहेर जमिनीकडे. तुमच्याकडे पाण्याचा दाब अर्धा किलोच्या आतच असेल, त्यामुळे तो एरवी कधी उघडणार नाही. एअर पाइप काही कारणाने तुंबलाच तर तो आहे. एअर पाइपाऐवजी नुसता सेफ्टी व्हॉल्व्ह लावून चालेल का, असं विचाराल. नाही. क्षार साठून तो चिकटतो आणि चिकटलेला बाहेरून ओळखू येत नाही.

सोलरच्या बाजूला जे व्हॉल्व्ह आधीपासून आहेत ते राहू द्या, पण ५०० लिटरच्या टाकीतून सोलरला आणि सोलरमधून या टाकीला येणाऱ्या लाइनवरच्या व्हॉल्व्हची मूठ काढून तिथेच तारेने बांधून ठेवा. ते सहज बंद होता कामा नयेत. घरात प्रेशर पंप आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल आणि तो या लाइनवर असेल, तर वरची सगळी मांडणी लागू होत नाही. आधी पंप या लाइनवरून काढावा लागेल.

पाइपाचं म्हणाल तर चूल ते टाकी आणि एअर पाइप, सगळं तांब्याचं किंवा जाड सी क्लास जीआयचं, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचं. प्लास्टिकचा यूपीव्हीसी तर सोडाच, सीपीव्हीसीसुद्धा इथे नको. सीपीव्हीसी गरम पाण्यासाठीच असतो, पण ८०-९० अंशांपर्यंत. चुलीच्या जॅकेटमध्ये वरच्या पाण्याचा दाब असल्यामुळे पाणी ११० अंशांच्या आसपास जाऊन मग उकळतं, तिथे तो लोंबायला लागतो. घरात उतरणारी लाइन सीपीव्हीसी चालेल, मात्र टाकीला लागून पहिले तीन फूट दोन्ही बाजूंना धातूचेच ठेवा. तांबं आणि जीआय एकमेकांना थेट जोडू नका, जस्ताचा थर लवकर खाल्ला जातो. मध्ये पितळी युनियन घाला. जीआयचे आटे दोरा-सफेद्याने भरा आणि भिंतीतून पाइप जाताना मोठ्या पाइपाचा तुकडा आधी बसवून त्यातून न्या, म्हणजे तापून लांबी वाढली तरी प्लास्टर फुटत नाही. दोन्ही पाइपांना कापडी पट्टीने ग्लासवूल गुंडाळा. फोमची काळी नळी चुलीजवळ वितळते.

कॉइल की जॅकेट, हे तुमच्या पाण्यावर ठरेल. विहिरीचं किंवा नळयोजनेचं मऊ पाणी असेल तर दोन्ही चालतात. बोअरचं असेल आणि चहाच्या पातेल्यात पांढरी खपली बसत असेल, तर कॉइल दोन-तीन वर्षांत आतून बुजते आणि साफ करता येत नाही. मी जॅकेटच घेतो, आणि त्याला हात जाईल एवढं बोल्टवालं झाकण करून घेतो. वेल्डिंग झालं की चुलीत बसवण्याआधी हातपंपाने ३ किलो दाब देऊन अर्धा तास ठेवायला सांगा. काटा हलला तर पैसे देऊ नका. जॅकेट विस्तवाच्या मागच्या एकाच बाजूला असावं. तिन्ही बाजूंनी पाणी घेतलंत तर भाकरी भाजायला आच उरणार नाही आणि आई पहिल्याच आठवड्यात ते काढायला सांगतील.

गार पत्र्यावर ज्वाळा आपटली की तिथे काजळी धरते, ओल्या लाकडाने तर डांबरासारखी. पावसाळ्यात जाळायचं सरपण होळीच्या सुमाराला फोडून शेडमध्ये रचून ठेवा. जॅकेट आणि धुराडं दर आठवड्याला खरवडा. धुराडं भिंतीच्या बाजूला न सोडता टेरेसच्या कठड्याहून वर न्या आणि स्वयंपाकघराची एक खिडकी चूल पेटलेली असेपर्यंत उघडी हवीच, बाहेर पाऊस असला तरी. कोंडलेल्या धुराला वास येतो, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला येत नाही.

आईंच्या आंघोळीबद्दल. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत भाजतं, म्हाताऱ्या कातडीला त्याआधीच. चुलीवरची टाकी कधी ७० ला जाईल, कधी ८० ला, तुमच्या हातात नाही. न्हाणीघराच्या गरम लाइनवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार आपोआप मिसळून ठरावीक तापमानाचं पाणी देणारा) बसवा आणि तो कमी दाबावर चालणारा आहे ना, हे दुकानात विचारून घ्या. उंच इमारतींसाठीचे व्हॉल्व्ह तुमच्या अर्ध्या किलोवर नीट मिसळत नाहीत. थंड पाणीही त्याच ५०० लिटरच्या टाकीतून येऊ द्या, म्हणजे दोन्हीचा दाब सारखा राहतो. तो मिळेपर्यंत बादलीत आधी गार, मग गरम.

पहिल्यांदा पेटवताना तुम्ही स्वतः तिथे थांबा. आधी सगळं पाण्याने भरा, एअर पाइपात पाणी चढलंय हे टेरेसवर जाऊन पाहा, मगच काड्या पेटवा, मोठं लाकूड नको. दहा-पंधरा मिनिटांनी एका हाताने गरम पाइप आणि दुसऱ्याने परतीचा पाइप चाचपा. वरचा कढत आणि खालचा कोमट होत चालला असेल तर पाणी फिरतंय. वरचा कढत, खालचा गारठलेला आणि जॅकेटमध्ये गुरगुर असेल तर विस्तव काढून घ्या, कुठेतरी हवा अडकलीय. आणि आई-वडिलांना एवढं नक्की सांगून ठेवा: चूल पेटलेली असताना नळाचं गरम पाणी अचानक बंद झालं, किंवा जॅकेट कोरडं पडलंय असं वाटलं, तर त्यात गार पाणी सोडायचं नाही. तापल्या पत्र्यावर पाणी पडलं की क्षणात वाफ होते. लाकडं बाहेर काढायची, चुलीपासून लांब जायचं आणि पत्रा हाताला सोसेल इतका निवेपर्यंत थांबायचं.

चुलीच्या माथ्यापासून ५०० लिटरच्या टाकीच्या भरलेल्या पातळीपर्यंतची उंची मोजून कळवा आणि टेरेसवरचे दोन-तीन फोटो पाठवा, एअर पाइप नेमका किती वर काढायचा ते सांगतो. तोवर फॅब्रिकेटरला जॅकेटचं माप द्यायला हरकत नाही, व्हॉल्व्ह मात्र आणू देऊ नका.